जेरुसलेम बे, ३१ डिसेंबर २०१७ : विमान बुडत होतं तेव्हा पाण्यात उड्या कुणी मारल्या?

हॉक्सबरीकर

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

निमित्त घरगुती आहे. आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी सिडनीला आलेत. बाबांनी रोझ बेच्या धक्क्यावर पाण्यातून उडणारं विमान पाहिलं आणि तेव्हापासून घरात एकच घोषा, "त्यात बसायचं." आई म्हणते, "ज्याला चाकं नाहीत त्यात मी पाय ठेवणार नाही." मी दोघांच्या मध्ये. तिकिटाचं पान उघडतो आणि बंद करतो.

कारण मला ३१ डिसेंबर २०१७ ची दुपार आठवते. मी तिथे नव्हतो, हे आधीच सांगतो. घरी रात्रीच्या आतषबाजीला जायची तयारी चालली होती आणि टीव्हीवर बातमी आली.

रोझ बेहून एक ब्रिटिश कुटुंब सीप्लेनने उत्तरेला कॉटेज पॉइंटला जेवायला गेलं होतं. कम्पास ग्रुप या मोठ्या केटरिंग कंपनीचे प्रमुख रिचर्ड कझिन्स, त्यांची दोन तरुण मुलं, होणारी पत्नी आणि तिची अकरा वर्षांची मुलगी. विमान डी हॅविलंड बीव्हर, १९६३ सालचं, एका इंजिनाचं. वैमानिकाचा अनुभव दहा हजार तासांच्या वर आणि त्यातला बहुतेक फ्लोटच्याच, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या, विमानांवरचा. दुपारी तीननंतर ते परतीला निघाले. नेहमीच्या वाटेने न जाता विमान जेरुसलेम बेमध्ये शिरलं. ही खाडी म्हणजे दोन डोंगरांमधली अरुंद गल्ली. विमान डोंगरमाथ्याच्याही खालून चाललं होतं. पुढे वाट संपते. तिथे त्याने उजवीकडे एकदम तीव्र वळण घेतलं, नाक खाली गेलं आणि ते सरळ पाण्यात. सहाही जण गेले.

वर्षाअखेरीचा रविवार. खाडीत हाउसबोटी, लहान होड्या, पोहणारी पोरं. विमान आपटल्यावर लगेच तळाला गेलं नाही, शेपूट थोडा वेळ वर होती. आजूबाजूची माणसं होती त्या कपड्यांत पाण्यात गेली. पुन्हा पुन्हा बुड्या मारल्या. केबिनपर्यंत कुणालाच पोचता आलं नाही. काही मिनिटांत विमान तेरा मीटर खाली जाऊन बसलं. पोलिसांचे पाणबुडे आले आणि संध्याकाळपर्यंत सगळे देह वर आले.

मी स्वतः हौशी डायव्हर. आमचा एक क्लब आहे, महिन्यातून एकदा धक्क्याखालचा कचरा काढतो, कधी कुणाचा हरवलेला नांगर शोधून देतो. स्वयंसेवक म्हणायचं तर तेवढाच. दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर हाउसबोट भाड्याने घेऊन त्याच खाडीत रात्र काढली. झाडी थेट पाण्यात उतरते. एक पोरगा हसला तरी समोरच्या कड्यावरून हसू परत येतं. त्या रात्री पडल्या पडल्या डोक्यात एकच विचार होता, मी त्या दिवशी इथे असतो तर काय केलं असतं? माझ्याकडे डायव्हिंगचं कार्ड आहे, सिलिंडर आहे, पण सिलिंडर तर घरच्या गॅरेजमध्ये.

तर प्रश्न दोन. एक, बाबांना विमानात बसवू का? दोन, अशा वेळी पाण्यात उतरणाऱ्या साध्या माणसांबद्दल तुमचे अनुभव काय? जाणकारांनी लिहावं.

पिठलंभाकरी

वाचतेय. अंगावर काटा आला.

अवांतर : या कझिन्स यांनी मृत्युपत्रात म्हणे लिहून ठेवलं होतं, आम्ही सगळे एकदमच गेलो तर पैसा ऑक्सफॅमला. चार कोटी पौंडांच्या वर रक्कम गेली. असं कलम घालताना माणसाच्या मनात काय आलं असेल?

उगाच_शंका

धागा चांगला, पण भावनिक झालाय. विमान का पडलं ते सांगा की. वैमानिकाची चूक होती ना?

पाना_पक्कड

@उगाच_शंका, सगळ्यांना आधी तेच वाटलं होतं. मी विमान दुरुस्तीतला माणूस, म्हणून या अहवालावर माझा जरा जास्तच जीव आहे.

इतका मुरलेला वैमानिक बंद गल्लीत कशाला शिरला, याचं उत्तर ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेला, म्हणजे एटीएसबीला, दोन वर्षं मिळत नव्हतं. इंजिन ठीक. हवा ठीक. मग २०२० मध्ये रक्ताचे नमुने पुन्हा तपासायला घेतले, तर वैमानिक आणि दोन प्रवाशांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड नेहमीपेक्षा जास्त. तो वायू कुठून आला? इंजिनाच्या एक्झॉस्टला जुने तडे होते, म्हणजे धूर इंजिनाच्या खोक्यात गळत होता. इंजिन आणि केबिन यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते, फायरवॉल. तिच्यावर मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) बघायला लहान झाकणं असतात. त्या झाकणांचे तीन बोल्ट जागेवर नव्हते. त्या भोकांतून वायू आत.

त्यात प्रवासी चढण्याआधी वैमानिकाने २७ मिनिटं विमान पाण्यावरच चालवलं होतं, दार थोडं उघडं ठेवून. आपल्याला वाटतं दार उघडं म्हणजे मोकळी हवा. इथे उलट झालं, त्याने वायू आणखी साठला असावा असं अहवाल म्हणतो.

ज्यांना हा वायू कळत नाही त्यांनी आपल्याकडचा बंद बाथरूममधला गॅस गिझर आठवावा. वास नाही, रंग नाही, खोकला नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशे पटींहून जास्त जोराने धरतं. माणूस बेशुद्ध पडण्याच्या कितीतरी आधी गोंधळतो. मुंबई-पुण्यात दर हिवाळ्यात याच्या बातम्या असतात. इथे तो गोंधळ विमान चालवणाऱ्याच्या डोक्यात होता. म्हणून "वैमानिकाची चूक" एवढ्यावर मिटवू नका.

विमानात वायू ओळखायची चकती होती, रंग बदलणारी. ती स्वस्त असते, उन्हाने आणि वयाने निकामी होते, आणि मुख्य म्हणजे ती ओरडत नाही. कुणी बघितलं तर कळणार. जानेवारी २०२१ च्या अंतिम अहवालात एटीएसबीने पिस्टन इंजिनाच्या विमानांत आवाज करून सावध करणारं यंत्र सक्तीचं करा अशी शिफारस केली. असलं यंत्र दुकानात मिळतं, खिशात मावतं.

तीन बोल्ट हो. मी रात्री हँगर बंद करताना अजून मोजतो.

हॉक्सबरीकर

दादा, दंडवत. बोल्टचं वाचलं होतं, पण गिझरशी जोडून कधी बघितलं नव्हतं.

दर्यावर्दी_निवृत्त

मी नौदलात पाणबुड्या होतो. (पाणबुडीत नव्हे, पाणबुड्या. लग्नात हा खुलासा नेहमी करावा लागतो.) कोचीच्या डायव्हिंग स्कूलमधून शिकलो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

हॉक्सबरीकर, तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं? सांगतो. काही करू शकला नसता, आणि त्यात कमीपणा नाही.

विमान नाकावर आपटलं की पुढचा भाग चुरगळतो. दाराची चौकट वाकडी झाली की पहिलवानालाही ते दार उघडत नाही. पाण्यावर इंधन पसरतं, डोळे चरचरतात, घशात जातं. दम धरून गेलेल्या माणसाला तीन-चार मीटरवर कान दुखू लागतात. वरून पोहून दमलेला, घाबरलेला, कपड्यांसकट. त्याच्याकडे वीस-पंचवीस सेकंद असतात. त्यात विमान स्थिर नाही, खाली चाललंय. तेरा मीटरवर दाब वरच्या सव्वादोन पट. तोवर छातीतली हवा इतकी दबते की शरीर तरंगायच्या ऐवजी आपणहून खाली जाऊ लागतं. हौशी माणसाला हे माहीत नसतं, आणि वर यायला वेळ लागतो तेव्हा कळतं.

आता शिकलेला पाणबुड्या. तो पोचतो अर्ध्या-एक तासाने, लवकरात लवकर. आल्यावर लगेच उडी मारत नाही. लोक काठावरून शिव्या देतात, "उभे काय राहिलात?" पण कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक टेंडरच्या, म्हणजे वर थांबून दोर सांभाळणाऱ्याच्या, हातात, दुसरा डायव्हर पूर्ण तयारीत बसलेला, हे झाल्याशिवाय फुटलेल्या विमानात जायचं नाही. आत काय असतं? फाटलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, ब्लेडसारखा. लोंबणाऱ्या वायरी. सीटचे पट्टे. पट्टे पायात अडकतात. आणि हात लावला की गाळाचा ढग, मग दिवसाही रात्र.

म्हणून आमच्यात दोन कामं वेगळी मानतात. जीव वाचवणं आणि देह काढणं. पहिल्या कामाला घाई, दुसऱ्याला घाई नाही. कुठलं काम चालू आहे ते मोठ्या अधिकाऱ्याने वेळेवर ओळखावं लागतं, आणि ते मोठ्याने म्हणायला कुणी धजत नाही.

तेलविहीर

मी मुंबई हायला वीस वर्षं हेलिकॉप्टरने ये-जा केली. आम्हाला बुडत्या हेलिकॉप्टरमधून निघायचं शिक्षण घ्यावं लागतं, गोव्यात बेतूलला. एक डबा असतो, त्यात पट्टे बांधून बसवतात, तलावात बुडवतात आणि उलटा करतात. पहिल्यांदा नाकातून पाणी थेट मेंदूत गेल्यासारखं वाटतं.

तिथे शिकलेलं एक सांगतो, सीप्लेनलाही हेच लागू. पट्टा शेवटी सोडायचा. सगळे उलट करतात, आधी पट्टा सोडतात. पट्टा सुटला की माणूस डब्यात बॉलसारखा फिरतो, वर-खाली कळत नाही. एक हात खिडकीच्या कडेवर, घट्ट. हालचाल थांबेपर्यंत थांबायचं. खिडकी ढकलायची. मग दुसऱ्या हाताने पट्टा, आणि धरलेल्या हाताने स्वतःला ओढून बाहेर. जॅकेट बाहेर आल्यावर फुगवायचं. आत फुगवलंत तर छताला चिकटून बसाल.

२८ जून २०२२ ला आमचं जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर सागर किरण रिगजवळ समुद्रात उतरलं. नऊ जण होते. जवळचं जहाज आणि रिगची बोट धावली, पाच वाचले. चार जण गेले. तेव्हापासून घरचे विचारतात, "ते पाण्यातलं ट्रेनिंग परत केलंस का?" पूर्वी त्याला पिकनिक म्हणायचे.

उगाच_शंका

सगळं ठीक. पण मग एक स्पष्ट बोलू? साध्या माणसांनी पाण्यात उड्या मारणं हा मूर्खपणाच झाला ना? दर्यावर्दी काका म्हणतातच, काही करता येत नाही. एक अपघात, सहा मृत. बुडी मारणारे अडकले असते तर आठ. आपल्याकडे दर पावसाळ्यात हेच.

मावळातला

शंकासाहेब, तुमचं वाक्य तिखट आहे पण खोटं नाही. आम्ही लोणावळा, पवना, इंद्रायणी या पट्ट्यात काम करणारी पोरं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण हे मी माझं मत म्हणून लिहितोय. दिवसा माझं वेल्डिंगचं दुकान आहे. फोन आला की शटर खाली.

एक बुडाला म्हणून जातो आणि दोन काढतो, असं कितीदा झालंय. दुसरा हा पहिल्याचा भाऊ, मित्र, नाहीतर काठावरचा कुणी भला माणूस. पोहता येणाऱ्यालाच जास्त धोका, न येणारा निदान आरडाओरडा करत काठावर थांबतो. म्हणून शाळा-कॉलेजात बोलवतात तेव्हा आम्ही सांगतो, दोर फेका, काठी द्या, ओढणी द्या, रिकामा कॅन फेका, उडी शेवटी.

पण त्या खाडीतल्या माणसांना मी मूर्ख म्हणणार नाही. शेपूट वर दिसतेय, आत माणसं आहेत हे माहीत आहे, आणि तुम्ही वीस मीटरवर आहात. तेव्हा कुणी पुस्तक उघडत नाही. मीही उडी मारली असती. मागून माझ्याच पोरांनी मला शिव्या घातल्या असत्या.

आता आमच्या कामाचं थोडं सांगतो, कारण टीव्हीवर फक्त बोट दिसते.

धरणाच्या पाण्यात दोन-तीन मीटरच्या खाली काही दिसत नाही. टॉर्च लावला तर समोर चहाचा रंग. मग हाताने शोधायचं. तळाला दोर टाकतो, दोराला धरून अर्धा गोल, मग थोडं पुढे सरकून पुन्हा अर्धा गोल. पहिल्यांदा हाताला कापड लागतं. धरणाच्या तळाशी कापड खूप असतं हो. लोकांनी टाकलेलं, देवाला सोडलेलं, चादरी, पोती. प्रत्येक वेळी छातीत धस्स होतं. सतरा वेळा चादर असते.

खोल असेल तर गळ टाकतो. नातेवाइकांना गळ बघवत नाही, म्हणून आम्ही तो गोणीत गुंडाळून नेतो आणि बोटीत गेल्यावरच काढतो. हे कुणी शिकवलं नाही, एका म्हाताऱ्या आईचा चेहरा बघून सुरू केलं.

थंडीत देह वर यायला जास्त दिवस लागतात. घरचे काठावरच राहतात. गावातली माणसं त्यांना चहा-भाकरी आणून देतात. पहिल्या दिवशी ते विचारतात, "वाचला असेल का?" दुसऱ्या दिवशी, "कधी मिळेल?" तिसऱ्या दिवशी काही विचारत नाहीत, नुसते आपल्या हाताकडे बघतात. देह मिळाला की रडतात आणि मग पाया पडतात. ते पाया पडणं मला अजून सोसत नाही. एका बापाने सगळं झाल्यावर हळूच विचारलं, "भाऊ, त्याची चप्पल मिळाली का? नवीन होती." मी दुसऱ्या दिवशी परत जाऊन चप्पल शोधली. एकच मिळाली.

घरी आलो की आधी अंघोळ, मग पोरीशी खेळतो. त्या दिवशी जेवण जात नाही. बायको वाढतच नाही, तिला कळतं.

पिठलंभाकरी

मावळातले दादा, काय लिहू. चप्पल वाचून उठून पाणी प्यायले.

पोलादपूरकर

सावित्रीचा पूल गेला तेव्हा मी महाडला होतो. २ ऑगस्ट २०१६, रात्री. ब्रिटिशांच्या काळातला पूल, नदी दुथडी. दोन एसटी आणि एक तवेरा, सरळ पाण्यात. सकाळी आम्ही काठावर गेलो तर काहीच नव्हतं. एवढ्या मोठ्या दोन बस आणि नदीत एक टायरही दिसेना.

नौदल आलं, तटरक्षक दल आलं, एनडीआरएफ आलं. पण पाण्याला ओढ इतकी की पाणबुड्यांना तळाला उभं राहता येईना, त्यात मगरी. मग क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक बांधून ते पाण्यात सोडत होते. आमच्याकडचे भोई-कोळी आपल्या होड्या घेऊन रोज जात. नदी कुठे वळते, कुठे डोह, कुठे माल अडकतो हे त्यांनाच ठाऊक. पहिली बस सापडायला ११ ऑगस्ट उजाडला. काही देह थेट समुद्रात जाऊन अंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागले होते.

दर्यावर्दी म्हणतात ते "मोठ्याने म्हणायला कुणी धजत नाही" आम्ही दहा दिवस बघितलं.

शार्वरी_व्हँकुव्हर

इथे ब्रिटिश कोलंबियात सीप्लेन म्हणजे आपली लाल परी. व्हँकुव्हर-व्हिक्टोरिया लोक लॅपटॉप घेऊन ऑफिसला जातात. मी स्वतः वर्षातून सात-आठदा जाते. म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

२९ नोव्हेंबर २००९. सॅटर्ना बेटावरच्या लायल हार्बरहून एक बीव्हर निघालं आणि लगेच पाण्यात पडलं. आठ जण होते. बेटावरचे लोक आपापल्या बोटी घेऊन धावले आणि वैमानिकाला व एका बाईंना वर घेतलं. बाकी सहा जण आतच बुडाले. ते आपटून गेले नव्हते, म्हणून हे मनातून जात नाही. दारं अडकली होती.

कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने मग जुने अपघात काढून बघितले. पाण्यात संपलेल्या सीप्लेन अपघातांत गेलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के माणसं बुडून गेली होती. मंडळाने दोन गोष्टी मागितल्या. ढकलली की निघणाऱ्या खिडक्या-दारं, आणि प्रवाशांनी तरंगायचं जॅकेट सीटखाली न ठेवता अंगावर घालणं. जॅकेट अंगावर घालणं आणि वैमानिकांना पाण्याखालून निघण्याचं शिक्षण सक्तीचं करणारा नियम निघायला २०१९ उजाडलं. दहा वर्षं! खिडक्यांची सक्ती तर तेव्हाही झाली नाही. काही कंपन्यांनी आपणहून बसवल्या.

आता मी चढताना कंबरेला छोटी पिशवी बांधावी लागते, तीत जॅकेट. पर्यटक तिचे फोटो काढतात. मी खिडकीशी बसते आणि कडी कुठल्या बाजूला उघडते ते बोटाने बघून घेते. नवरा हसतो. हसू दे.

मावळातले दादा आणि दर्यावर्दी काका, तुमचं वाचून मला तर हेच वाटलं. पहिल्या पाच मिनिटांत बाहेरून आत कुणी जाऊ शकत नसेल, तर आतून बाहेर येणं सोपं केलं पाहिजे. खिडकी पाणबुड्याच्या आधी तिथे असते.

मावळातला

ताई, अगदी. आम्हाला बोलवायची वेळच येऊ नये अशी खिडकी करा.

उगाच_शंका

बरं, "मूर्खपणा" हा शब्द मागे घेतो. बाकी मुद्दा कायम.

एक प्रश्न. कुणीच पोचू शकणार नाही इतक्या खोल पडलं तर?

दर्यावर्दी_निवृत्त

तेही झालंय. ४ सप्टेंबर २०२२, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातला म्युटिनी बे. फ्रायडे हार्बरहून रेंटनला जाणारं ऑटर जातीचं सीप्लेन, दहा जण, सगळे गेले. विमान दीडशे-दोनशे फूट खाली, वर जोराचा प्रवाह. हौशी डायव्हरची मर्यादा चाळीस मीटर, तीही कागदावरची. तिथे स्वयंसेवकांनी होड्या घेऊन पाण्यावर तरंगतं काय मिळतं ते शोधलं, तेवढंच हातात होतं. मग सोनार यंत्राने, म्हणजे आवाजाच्या लहरींनी, तळ बघितला आणि अमेरिकी नौदलाने दोरीवरचं यंत्र पाठवून अवशेष वर काढले. त्या अवशेषांमुळेच कळलं की शेपटीच्या आडव्या पंखाला हलवणाऱ्या यंत्रातला एक भाग आट्यांवरून सुटून आला होता, आणि त्याला अडवणारी लहान तारेची कडी जागेवर नव्हती.

म्हणजे पुन्हा पाना_पक्कड यांच्या खात्यात. अवशेष वर काढणं हे फक्त घरच्यांसाठी नसतं, पुढच्या विमानासाठीही असतं.

पाना_पक्कड

ती कडी बोटाच्या पेराएवढी असते. मी काल शिफ्टला पोरांना तुमचा हा धागा वाचून दाखवला. कुणी काही बोललं नाही, पण दोघं उठून परत शिडीवर चढले.

ग्वाल्हेरचा_गुलमोहर

थोडं अवांतर, जड झालंय म्हणून. रोझ बेचं नाव वाचून आठवलं. १९३८ पासून तिथून इंग्लंडला पाण्यावरची मोठी विमानं जायची आणि वाटेत हिंदुस्थानात मुक्काम घेत उतरायची. आमच्या ग्वाल्हेरला शिंद्यांच्या माधवसागर तलावावरही उतरायची. आजोबा सांगत, गाव लोटायचं बघायला. हॉक्सबरीकरांच्या बाबांचा हट्ट मला तरी पूर्ण समजतो.

आणि आपल्याकडे? अंदमानात २०१० च्या डिसेंबरात सुरू झालं, बंद पडलं. साबरमतीहून केवडियाला ऑक्टोबर २०२० मध्ये मोठ्या थाटात सुरू झालं, काही महिन्यांत गुंडाळलं.

मावळातला

आमच्या पवनेवरही मध्ये सीप्लेनच्या गप्पा होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो तिकिटाचा नव्हता. इथे पडलं तर कोण उतरणार, आमच्या दोन सिलिंडरपैकी एक भरलेला असतो का, आणि सिलिंडर भरायला पुण्याला कोण जाणार? आता बऱ्याच ठिकाणी "आपदा मित्र" म्हणून सरकार पोरांना शिकवतं, ते चांगलं आहे. पण शिकलेल्या पोराला दोर, हूड, हातमोजे घरी द्या. गोदामात ठेवले की कुलपाची चावी शोधण्यात अर्धा तास जातो.

शार्वरी_व्हँकुव्हर

हॉक्सबरीकर, पर्थजवळच्या रॉटनेस्ट बेटावरही जानेवारी २०२५ मध्ये झालं ना? सात जण होते, तीन गेले, चौघांना आजूबाजूच्या बोटवाल्यांनी वर घेतलं असं वाचलं.

हॉक्सबरीकर

हो. तिथेही सुट्टीचे दिवस, बोटींची गर्दी. तिथे मात्र बोटवाल्यांना चौघे मिळाले. जेरुसलेम बेच्या लोकांना एकही नाही. उड्या दोन्हीकडे सारख्याच मारल्या असतील. मला त्या दुसऱ्या लोकांचं जास्त वाटतं. चौघांना वर घेणाऱ्याला रात्री आठवायला एक तरी हात असतो. यांनी फक्त पत्र्यावर हात आपटले.

आमच्या क्लबातले एक गृहस्थ आयुष्यभर अशा कामांत होते. ते म्हणाले, "पाण्यातून वर आल्यावर डायव्हरला पहिला प्रश्न 'काय दिसलं?' असा विचारू नये. 'थंडी वाजतेय का?' असं विचारावं." आता आम्ही कचरा काढून वर आलो तरी एकमेकांना हेच विचारतो, आधी गंमत म्हणून सुरू केलं होतं.

बाकी सगळ्यांना वेगवेगळे आभार द्यायला बसलो तर रात्र होईल.

पिठलंभाकरी

ते सगळं राहू द्या, बाबांचं काय ठरलं?

हॉक्सबरीकर

ठरलं. सरळ फोन केला आणि तीन प्रश्न विचारले : वायू ओळखणारं यंत्र आवाजाचं आहे का, जॅकेट अंगावर घालायला देता का, खिडकीतून निघता येतं का. पलीकडची मुलगी वैतागली नाही, नीट उत्तरं दिली. पुढच्या गुरुवारची दोन तिकिटं काढली, बाबांचं आणि माझं.

रात्री जेवताना तेलविहीर यांची कृती बाबांना समजावून सांगत होतो. एक हात खिडकीवर, पट्टा शेवटी. बाबा म्हणाले, "कळलं रे, मी काय लहान आहे?" मी भांडी आवरून बाहेर आलो तर आई जेवणाच्या टेबलाशी डोळे मिटून बसली होती. कमरेला बाबांचा पट्टा, डावा हात खुर्चीच्या कडेला घट्ट. उजव्या हाताने बक्कल चाचपत होती. मला म्हणाली, "तिसऱ्या तिकिटाचं बघ. आणि मला खिडकी."